सत्ताविसावा पाय

‘रणवंदन प्रतिष्ठानाने गेल्या अकरा वर्षांत सत्तावीस जायबंदी जवानांना कृत्रिम पाय सन्मानपूर्वक प्रदान केले आहेत.’

हे वाक्य प्रतिष्ठानाच्या स्मरणिकेत तिसऱ्या पानावर जाड ठशात छापलेले आहे. ते माझे आहे. त्याची लय मी दोनदा दुरुस्त केली होती. त्यात असत्य शोधू पाहणाऱ्याची प्रथमदर्शनी निराशाच होईल. अकरा वर्षे? बरोबर, नोंदणीचा दाखला मी पाहिला होता. सत्तावीस? तेही बरोबर, छायाचित्रे मोजली होती. जवान जायबंदी होते काय? प्रत्येक जण होता. पाय कृत्रिम होते काय? निःसंशय. सन्मान झाला काय? शाल, श्रीफळ, मानपत्र आणि बँड, यांना सन्मान म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. माझी तीस वर्षे जुन्या सनदा आणि इनामपत्रे वाचण्यात गेली. बनावट सनदेत तिथी, शिक्का, मोजमाप, साक्षीदार सारे काही चोख असते, आणि म्हणूनच उरलेल्या एका शब्दाकडे कुणी पाहत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. स्वतःच्या वाक्याला ती कसोटी लावण्याची मला गरज भासली नव्हती.

साल नव्व्याण्णव. त्या उन्हाळ्यात कारगिलला माणसे मेली होती, आणि पावसाळा संपेपर्यंत आमच्या जिल्ह्यात देशभक्तीला बरे दिवस आले होते. प्रतिष्ठानाचे अध्यक्ष अण्णासाहेब मोहरे यांचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना होता. त्यांचा वार्षिक सोहळा खंडेनवमीला होई. त्या वर्षी एक मंत्री यायचे होते, म्हणून स्मरणिकेचे संपादन आणि मानपत्राचे लेखन यांसाठी त्यांना एक निवृत्त इतिहासाचा प्राध्यापक हवा होता. मी नुकताच निवृत्त झालो होतो. कुणीतरी बोलावले याचा आनंद त्या वयात फार असतो.

मानपत्रासाठी माहिती गोळा करायला मी सप्टेंबरात पिंपळवठारला गेलो. सत्कारमूर्ती होते नाईक सर्जेराव इंगवले. ब्याण्णव साली सीमेवर सुरुंगावर पाय पडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. घर सापडले. अंगणात कुणी नव्हते. गोठ्याच्या छपरावर एक माणूस पत्रे ठोकत होता.

“इंगवले कुठे भेटतील?” मी खालून विचारले.

“कंचं इंगवले? निम्मं गाव इंगवल्यांचं हाय.”

“लष्करातले. पाय गेलेले.”

“भेटत्याल की. काय काम हुतं?”

“त्यांना खाली बसवून शांतपणे बोलायचं आहे.”

“मग मला आदी खाली यावं लागंल,” असे म्हणून तो माणूस शिडीवरून उतरला. पायऱ्या भराभर नाही, पण न चुकता. समोर येऊन त्याने हातातल्या हातोडीने स्वतःच्या डाव्या नडगीवर दोन ठोके दिले. आवाज लाकडी आला.

“मीच त्यो. बोला.”

मी ओशाळलो. ते त्यांच्या लक्षात आले असावे, कारण चहा येईपर्यंत ते मला पायाची माहिती देत राहिले. पाय लष्कराने दिला होता. दर दोन-अडीच वर्षांनी पुण्याच्या लष्करी केंद्रात जायचे, मापे द्यायची, झिजले-तुटले असेल ते दुरुस्त करून आणायचे. खर्च काही नाही.

“मग प्रतिष्ठान देणार तो पाय कसला?” मी विचारले.

“मला काय ठावं? पत्र आलंय. ‘आपणांस पाय प्रदान करण्यात येईल.’ म्हनलं, असंल दुसरा. एक शेतात घालाय, एक लग्नाकार्यात मिरवाय.” ते हसले. मग पुढे सरकून बसले आणि आवाज खाली आला. “सर, पायाचं ऱ्हाऊ द्या. तुमी तितं वर बसता, तेवढं आमच्या वैजूचं बगा.”

वैजू म्हणजे वैजयंता, त्यांची मुलगी. दहावीला केंद्रात पहिली आली होती आणि जिल्ह्याच्या गावी अकरावी शास्त्र शाखेत शिकत होती. राहायला प्रतिष्ठानाच्या वीरकन्या वसतिगृहात होती. पिंपळवठारहून सकाळी निघणारी एकमेव एसटी महाविद्यालयाचा पहिला तास संपल्यावर पोहोचत असे. तेव्हा वसतिगृह नाही तर शिक्षण नाही, इतका साधा हिशेब होता.

“जूनपासनं ‘तात्पुरता प्रवेश’ म्हनत्यात,” इंगवले म्हणाले. “चिपडे साहेब म्हनलं, सोहळा नीट पार पडला की दसऱ्याला कायम करू.”

“करतील,” मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हते.

चिपडे म्हणजे प्रतिष्ठानाचे कार्यवाह. परतल्यावर मी त्यांना सांगितले की इंगवल्यांना पाय आहे, आणि उत्तम आहे. त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले आणि म्हणाले, “सर, तुम्ही मानपत्राचं बघा. पायाचं आम्ही बघतो.”

मी मानपत्राचे पाहिले.

खंडेनवमीला सकाळी साडेनऊला शाळेच्या मैदानावर मंडप भरला. व्यासपीठामागची सातवीची वर्गखोली सत्कारमूर्तींसाठी मोकळी केली होती. इंगवले कडक इस्त्रीच्या पोशाखात, पदके लावून, एका लहान बाकावर अवघडून बसले होते. स्वागतगीताच्या मुली दारातून ये-जा करीत होत्या. त्यांत पांढऱ्या साडीतली वैजयंता होती. ती आत आली, वडिलांच्या कॉलरवरचा धागा तिने तोडला आणि म्हणाली, “आबा, भाषन लांबवू नगासा. बाई म्हनल्यात दोनच शब्द.”

“दोनबी न्हाईत. जा तू.”

ती गेली. चिपडे आले. त्यांच्या हातात मखमलीचे वस्त्र घातलेले मोठे पितळी तबक होते. तबक रिकामे होते.

“हां, नाईकसाहेब. काढा.”

“काय काढू?”

“पाय.”

इंगवल्यांना वाटले, चेष्टा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मीही तसेच समजून हसलो.

“लवकर करा हो,” चिपडे म्हणाले. “पाहुणे निघालेत. वाटेतून फोन आलाय.”

“आन तुमचा पाय कुटाय? नवा?”

“नवा कुठला? हाच.” चिपडे घाईत होते, म्हणून समजावून सांगू लागले. “हे बघा. तुम्ही कुबड्या घेऊन वर यायचं. एका बाजूची विजार दुमडून पिन लावायची, पिन मी आणलीय. पाहुणे तबकातून पाय उचलणार, तुमच्या हातात देणार, फोटो. तुम्ही तिथंच बांधायचा, पाच पावलं चालायचं, परत फोटो. दहा मिनिटांचं काम.”

“माजाच पाय मला देनार?”

“मग आम्ही देणार काय?” चिपड्यांनी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारले. “सगळ्यांना तसेच दिलेत. कुणाची तक्रार नाही. लष्कराचा पाय मजबूत असतो, आम्ही कुठून आणणार तसा?”

मी कोपऱ्यात मानपत्राची गुंडाळी धरून उभा होतो. तबकातली मखमल जिथे टाच टेकते तिथे झिजली होती. इतका वेळ मी ती झीज पाहत होतो आणि तिचे कारण मला कळले नव्हते.

“इंगवले, तुम्ही नाही म्हणा,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. “तुमी म्हना की, सर. तुमचं कोन हाय वसतिगृहात?”

माझे कुणी नव्हते. मला काहीच गमवायचे नव्हते, आणि तरीही मी म्हटले नाही. इंगवल्यांनी वाकून विजार वर केली, पट्टे सोडले आणि पाय तबकात ठेवला. बूट पायातच होता. चिपड्यांनी त्यावर शालूसारखे जरीचे वस्त्र टाकले आणि तबक दोन्ही हातांनी उचलून, नैवेद्य नेतात तसे, बाहेर नेले.

पाहुणे निघाले होते ते दीड वाजता पोहोचले.

चार तास इंगवले त्या लहान बाकावर बसून होते. कुबड्या चिपडे द्यायला विसरले होते. त्या व्यासपीठाच्या पायरीशी ठेवल्या होत्या, छायाचित्रकाराला सोयीच्या जागी. अकराच्या सुमारास इंगवल्यांना लघवीला जायचे होते. त्यांनी माझा खांदा धरला आणि आम्ही दोघे शाळेच्या मुतारीपर्यंत गेलो आणि आलो. वाटेत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी उठून त्यांना हात जोडले. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: “मानपत्रात काय ल्हिवलंय?” मी सांगितले. “बरं हाय,” ते म्हणाले.

दीड वाजता बँड वाजला. वैजयंता आणि तिच्या मैत्रिणी गायल्या. मी मानपत्र वाचले, सत्तावीस हा आकडा असलेल्या वाक्यासकट. माझा आवाज चांगला आहे, असे तेव्हा पुष्कळ लोक म्हणत. इंगवले कुबड्यांवर वर आले. पिन लावलेली विजार लोंबत होती, आणि मंडपात जो हळहळीचा आवाज उठतो तो उठला.

इथपर्यंत सारे ठरल्याप्रमाणे झाले. पुढची कल्पना अण्णासाहेबांना आयत्या वेळी सुचली. ते उत्तम वक्ते होते, आणि उत्तम वक्त्याला आयत्या वेळी सुचणे थांबवता येत नाही.

“आज खंडेनवमी!” त्यांनी माइक हातात घेतला. “आज आपण शस्त्रांची पूजा करतो. कुणी तलवारीची, कुणी नांगराची, कारखान्यात आम्ही यंत्रांची करतो. मग ज्या पायावर हा वीर उभा राहणार, तो पाय शस्त्र नाही का? पाहुण्यांच्या शुभहस्ते आपण या पायाची पूजा करू!”

टाळ्या झाल्या. हळद-कुंकू आले. पाहुण्यांनी पायाच्या नडगीवर पाच बोटे ओढली, झेंडूची माळ घातली आणि अक्षता टाकल्या. मग अण्णासाहेबांनी नारळ हातात दिला. फोडायला दगड नव्हता. पाहुण्यांनी तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि मोठ्या मनाने साऱ्या पायावर पाणी ओतले.

“सायेब, वरनं नगा वतू,” इंगवले माइकपासून दूर उभे होते. ऐकू आले ते फक्त मला. “आत पानी जातंय. आतलं चामडं फुगतं.”

पाणी आत गेले. मग अंगावर शाल पडली, आणि पाहुण्यांनी माळ घातलेला, कुंकू ओघळणारा, ठिबकणारा पाय इंगवल्यांच्या हातात दिला. छायाचित्र झाले. ते अजून माझ्याजवळ आहे. त्यात मीही आहे, मागे, गुंडाळी हातात घेऊन.

इंगवले खुर्चीवर बसले. त्यांनी माळ काढून टेबलावर ठेवली. पाय उलटा करून पाणी झटकले. मग खांद्यावरची सत्काराची शाल काढली, तिची घडी केली आणि ती पायाच्या पोकळीत घालून आतली बाजू पुसू लागले. घाई नव्हती. बंदूक पुसतात तसे, कानाकोपरे बघत, शालीची कोरडी बाजू फिरवून घेत. अण्णासाहेब हसत राहिले, कारण छायाचित्रकार खाली उभा होता. पुसून झाल्यावर इंगवल्यांनी पट्टे बांधले, उठले, आणि सांगितलेली पाच पावले चालत माइकपाशी गेले.

“पाय बेस हाय,” ते म्हणाले. “सात वर्सं वापरतोय. सरकारनं पलटनीतनं दिल्याला. आज सकाळी ह्यांनी मागून घेतला, तो आत्ता माघारी दिला. हल्ली घेतल्यालं कोन माघारी देतंय? ह्यांनी दिलं. लई उपकार झालं.”

ते खाली उतरले. टाळ्या झाल्या. आमचा श्रोतृवर्ग सत्कारमूर्तीचे बोलणे संपले की टाळ्या वाजवतो. ऐकून वाजवतो असे नाही. बँडवाल्यांनीही ठरल्याप्रमाणे वाजवले. पहिल्या रांगेतल्या मुलींमध्ये एकटी वैजयंता टाळ्या न वाजवता उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होते की तिने ऐकले आहे.

मी इंगवल्यांना फाटकापाशी गाठले. ते थोडे लंगडत होते.

“हे का केलंत?” मी म्हणालो. “पोरीचा प्रवेश अडकलाय, तुम्हीच म्हणालात.”

“गप बसायचं ठरीवलं हुतं, सर. चार तास बसलो न्हवं का गप? आनखी दा मिन्टं काय जड हुती?” त्यांनी पायाकडे पाहिले. “पन पानी गेलं हो आत. एवडं सांगून.”

दुसऱ्या दिवशी दसरा होता. वैजयंताची पत्र्याची ट्रंक वसतिगृहाच्या व्हरांड्यात ठेवलेली होती. वळकटी तिच्यावर नीट बांधून ठेवली होती. प्रतिष्ठानाचे काम नेहमी नीटनेटके असे. तात्पुरता प्रवेश संपुष्टात आल्याचे पत्र सोबत होते. मी तडक अण्णासाहेबांच्या बंगल्यावर गेलो. तिथे सोने लुटायला गर्दी होती. त्यांनी माझ्या हातात आपट्याची पाने ठेवली, मला जवळ घेतले आणि म्हणाले, “सोनं घ्या, सर. काल मानपत्र काय वाचलंत! बायका रडत होत्या.”

“मुलीला का काढलंत?”

“बसा. पेढा घ्या.” मग त्यांचा आवाज दुखावला. “सर, माणसानं कृतज्ञ असावं. वसतिगृह वीरकन्यांसाठी आहे. ज्या घरात उपकाराची जाणीव नाही, त्या घरातली मुलगी इतर मुलींवर काय संस्कार करणार? तुम्ही शिक्षक आहात, तुम्हीच सांगा.”

“पाय त्यांचा होता, अण्णासाहेब.”

“अहो, कुणाचा होता ते महत्त्वाचं नाही. समाजाला काय दिसलं ते महत्त्वाचं. एका सोहळ्यामुळं किती लोकांच्या मनात जवानांबद्दल प्रेम निर्माण होतं! त्याची किंमत तुमच्या कागदपत्रांत नाही मिळायची.”

मी पेढा घेतला नाही. माझ्या त्या दिवसाच्या पराक्रमाची यादी तेवढ्यातच संपते.

घरी येऊन मी अकरा वर्षांची छायाचित्रे टेबलावर मांडली. स्मरणिकेसाठी ती माझ्याकडे होती, आणि मी ती मोजली होती, पाहिली नव्हती. सत्तावीस छायाचित्रे, सत्तावीस माळा, सत्तावीस हसणारे पाहुणे. तबकातल्या प्रत्येक ‘नव्या’ पायात जुना बूट होता. टाच झिजलेली, चवडा चुरगळलेला. आणि भिंग लावून पाहिले की त्याचा जोडीदार बूट घेणाऱ्याच्या दुसऱ्या पायात तितकाच झिजलेला दिसत होता. हातभर अंतरावरून कागदाचे वय सांगणारा मी, मला सत्तावीस बूट दिसले नव्हते.

नोव्हेंबरात मी गावोगाव फिरलो. सत्तावीस छायाचित्रांतली माणसे सव्वीसच निघाली; त्यांपैकी तेवीस हयात होते आणि एकवीस भेटले. प्रत्येकाचा पाय लष्कराचा होता. त्यांनी तो का काढून दिला, याची कारणे वेगवेगळी निघाली: कुणाच्या मुलीचे वसतिगृह, कुणाच्या मुलाला पाइपांच्या कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी, कुणाला नुसते वाटले की मोठ्या माणसाला नाही कसे म्हणावे. एका सुभेदारांनी दोन वेगवेगळ्या वर्षी तोच पाय दोनदा स्वीकारला होता; म्हणजे सत्ताविसावा पाय खरे तर इंगवल्यांचा होता. “दुसऱ्या खेपेला पालिश करून आनला,” त्यांनी सांगितले. “पयल्या फोटूत लई मळका दिसत हुता.” जुन्या काळी गादीवर नवा धनी आला की रयतेची वडिलोपार्जित जमीन रयतेलाच नव्या सनदेने ‘बक्षीस’ करीत, यावर मी एकदा निबंध वाचला होता. तो वाचताना सभागृहात हशा पिकला होता.

मी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. अर्जात एकच मागणी होती: वैजयंता सर्जेराव इंगवले हिचा प्रवेश कायम व्हावा. सोबत छायाचित्रे आणि त्या एकवीस जणांच्या व इंगवल्यांच्या सह्या जोडल्या. इंगवल्यांनी सही करण्यापूर्वी अर्ज दोनदा वाचला आणि विचारले, “ह्यात तुमचं नाव कुटं हाय? मानपत्र तुमी ल्हिवल्यालं.” मी खाली एक परिच्छेद वाढवला: वादग्रस्त वाक्य माझे आहे, आणि पाय काढला गेला तेव्हा मी तिथे उभा होतो.

चौकशी फेब्रुवारीत लागली. तोवर वैजयंता पहाटे दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधोमध बसून जिल्ह्याला येत होती आणि संध्याकाळच्या एसटीने परतत होती. प्रवेश कायम करण्याचा आदेश निघाला तेव्हा ती बारावीत गेली होती. ती वसतिगृहात परत राहायला गेली नाही. तिने फक्त त्या आदेशाची प्रत मागून घेतली आणि ट्रंकेत ठेवली.

चौकशीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: अधिकारी, लेखनिक, इंगवले, अण्णासाहेब मोहरे आणि मी. अण्णासाहेब वकील न घेता आले होते. आपल्यावर आरोप आहे, हे त्यांना शेवटपर्यंत पटले नव्हते. मुलीला कोणत्या नियमाने काढले, असे अधिकाऱ्यांनी विचारले. तिच्या वडिलांनी भर सभेत संस्थेची बदनामी केली म्हणून, असे त्यांनी सांगितले. बदनामी म्हणजे काय केले? पाय आपला स्वतःचा आहे असे ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “आणि तो कुणाचा होता?”

जबाबाची सही-शिक्क्याची नक्कल माझ्यासमोर आहे. त्या प्रश्नाचे उत्तर लेखनिकाने उतरून घेतले, अण्णासाहेबांनी ते वाचून पाहिले आणि एकही शब्द न बदलता त्याखाली सही केली:

“पाय त्यांचाच होता, हे आम्हांला पहिल्यापासून माहीत होते. पण तो त्यांचा आहे हे लोकांना माहीत नव्हते. मग आम्ही दिला म्हणायला काय हरकत होती?”